शत्रूचं रेशीम, राजाचा रुबाब

मंगळवार, बुर्गोस

बुर्गोसला लोक येतात ते कॅथेड्रलसाठी. १२२१ साली पायाभरणी झालेल्या त्या अवाढव्य कामाला आम्ही बाहेरून एक फेरी मारली आणि नदीकाठच्या झाडांखालून पश्चिमेकडे चालायला लागलो. अर्ध्या तासाच्या आत लास उएल्गासचा मठ लागतो. ताईला चर्चचं फारसं कौतुक नाही. उभा जन्म तिने हातमागाच्या साड्या विकण्यात घालवला. स्पेनला यायलाही ती तयार झाली ती एकाच अटीवर : "ते जुनं कापड दाखवणार असशील तर येते, नाहीतर तुझा तू जा."

हा मठ ११८७ साली कास्तिलचा राजा आठवा अल्फोन्सो आणि त्याची इंग्लिश राणी लेओनोर यांनी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातल्या नन्ससाठी स्थापन केला. राजघराण्यातल्या मुलींनी इथे नन व्हायचं आणि राजघराण्यातल्या माणसांना इथेच पुरायचं, असा रिवाज पडला. नन्स आजही आत राहतात, त्यामुळे आपलं आपण भटकता येत नाही. घोळक्यात उभं राहायचं आणि गाइड दार उघडेल तेव्हा पुढच्या खोलीत शिरायचं. सगळी माहिती स्पॅनिशमध्ये. फोटो बंद. ताई म्हणाली, "बरंच झालं, लोक निदान डोळ्यांनी बघतील."

सान फर्नांदोच्या ओवरीत पोहोचलो तेव्हा मान वर करून थांबलो ते थांबलोच. ख्रिस्ती मठाची ओवरी, आणि तिच्या छताच्या गिलाव्यात मोर, वर्तुळं, वेलबुट्टी आणि अरबी अक्षरं. पांढऱ्या चुन्यात कोरलेलं इतकं नाजूक काम, की छत ठिकठिकाणी पडून गेलंय याचंच जास्त वाईट वाटतं. पुढे सान्तियागोचं, म्हणजे संत याकोबाचं, छोटं चॅपेल. तिथे त्याची बसलेली लाकडी मूर्ती आहे, हातात तलवार, आणि तो हात हलवता येतो. राजाला सरदारकी कोण देणार? त्याच्यावर तर कुणीच नाही. मग संतानेच त्याच्या खांद्यावर तलवार टेकवायची, अशी ही युक्ती असल्याचं परंपरा सांगते. या संताला स्पेनमध्ये 'मूरांचा कर्दनकाळ' म्हणतात; मूर म्हणजे उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधले मुसलमान. आणि त्याच्या चॅपेलचं छत आणि कमान मूरांच्या शैलीतली.

इथूनच मला हवा असलेला विषय सुरू होतो. ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या लढाया चालल्या, त्यांच्यासारखं घर, त्यांच्याकडचं कापड, त्यांच्यासारखं बसणं-उठणं हे या राजांना आणि सरदारांना मोठेपणाचं लक्षण का वाटत होतं?

उत्तराचा अर्धा भाग वस्त्रसंग्रहालयात टांगलेला आहे. नेपोलियनच्या सैनिकांनी इथल्या बहुतेक शवपेट्या फोडून लुटल्या. एक पेटी मात्र त्यांच्या हातून सुटली, फर्नांदो दे ला सेर्दाची. हा दहाव्या अल्फोन्सोचा थोरला मुलगा, राज्याचा वारस, १२७५ मध्ये बापाआधीच वारला. १९४० च्या दशकात संशोधकांनी पेटी उघडली तेव्हा त्याचा पोशाख, टोपी, पट्टा, तलवार, सगळं जिथल्या तिथे होतं.

अंधाऱ्या खोलीत काचेमागे तो पोशाख आहे. आत घालायचा सदरा, त्यावर 'पेयोते' आणि त्यावर झगा. पेयोते म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा, पण बगला थेट कमरेपर्यंत कापलेल्या, म्हणजे आतल्या सदऱ्याचं किमती कापड दिसत राहावं. सगळ्या कापडावर चौकटीचौकटीत किल्ले आणि सिंह, कास्तिल आणि लेओनची राजचिन्हं. ही नक्षी वरून भरलेली नाही, विणतानाच आलेली आहे. टोपीवरचे किल्ले आणि सिंह तर मोती आणि पोवळ्यांनी भरलेले. ताई काचेला नाक लावून उभी होती. गाइड पुढे गेली, घोळका गेला, ही हलेना.

"अरे, ही जर बघ. आपल्यासारखी धातूची तार नाही ही."

नाहीच. अंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिणेतल्या मूर मुलखाच्या, विणकरांची रीत वेगळी होती. पातळ चामडीवर किंवा आतड्याच्या पापुद्र्यावर सोन्याचा वर्ख चढवायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि धाग्याभोवती गुंडाळायच्या. धागा हलका राहतो, कापड अंगावर पडतं छान. चिन्ह कास्तिलचं, पण हात आणि तंत्र मूरांच्या मुलखातलं. वारस राजपुत्राला शेवटच्या प्रवासाला पाठवताना याहून भारी काही असू शकतं, असं त्या दरबाराला वाटलं नाही.

त्याच खोल्यांमध्ये राणी बेरेंगेलाची उशी आहे. ही आठव्या अल्फोन्सोची मुलगी, १२४६ मध्ये वारली. लाल रेशमी उशी, मधोमध एक मोठं वर्तुळ, त्यात झाडाच्या दोन बाजूंना दोन आकृत्या, नाचगाण्यात रमलेल्या. वर्तुळाच्या कडेने अरबी अक्षरं आहेत : अल्लाहशिवाय दुसरा देव नाही. ख्रिस्ती राणी, नन्सच्या मठात पुरलेली, आणि तिच्या डोक्याखाली कलम्याचा पहिला भाग.

त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून चालून गेलं, असं एक सोपं स्पष्टीकरण लोक देतात. मला ते पटत नाही. या दरबारात अरबी जाणणारी माणसं पैशाला पासरी होती. अरबी अक्षरांचा अर्थ काय यापेक्षा ती कुठून येतात हे महत्त्वाचं होतं. ती येत होती जगातल्या सर्वोत्तम मागांवरून, आणि त्यांची किंमत सर्वांना ठाऊक होती. 

निघताना 'पेंदोन', म्हणजे निशाण, बघितला. साधारण ३.३ मीटर उंच आणि २.२ मीटर रुंद, रेशीम आणि सोनेरी धाग्यातली टेपेस्ट्री, मध्ये तारा, भोवती कुराणातल्या आयता. १२१२ च्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईत आठव्या अल्फोन्सोने मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोहाद घराण्याच्या खलिफाचा पराभव केला, तेव्हाची ही लूट, असं शतकानुशतकं सांगितलं गेलं. आता अभ्यासकांचा कल असा, की ती त्याच्या नातवाच्या, तिसऱ्या फर्नांदोच्या मोहिमांतून आलेली असावी, आणि निशाण नसून तंबूचा पडदा असावा. ताईला लढाईशी देणंघेणं नव्हतं. "पैठणीसारखं गुंफलंय," ती म्हणाली. "रंग बदलतो तिथे धागा धाग्यात अडकवून परत फिरवलाय. हे करणाऱ्याला दिवसाला बोटभर कापड झालं तरी पुष्कळ."

बुधवार, तोर्देसियास

सकाळची बस वायादोलिदला, तिथून दुसरी. वाटेत सगळी गव्हाची शेतं, कापणी झालेली, पिवळी ठक्क.

तोर्देसियास म्हटलं की १४९४ चा तह आठवतो. स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रापलीकडचं जग इथे बसून वाटून घेतलं. पूर्वेकडचा वाटा पोर्तुगालकडे गेला आणि त्याचे परिणाम १५१० पासून गोव्याने साडेचार शतकं भोगले. तहाची इमारत नदीच्या वरच्या अंगाला आहे. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही.

सान्ता क्लाराचा मठ मूळचा राजवाडा. ३० ऑक्टोबर १३४० ला अकराव्या अल्फोन्सोने पोर्तुगालच्या राजाच्या मदतीने सालादो नदीकाठी मोरोक्को आणि ग्रानादाच्या फौजांचा धुव्वा उडवला. लूट इतकी मिळाली, की पॅरिसपर्यंत सोन्याचा भाव उतरला, असं त्या काळचा बखरकार सांगतो. त्या विजयानंतरच्या वर्षांत हा वाडा उभा राहिला. आणि विजयाच्या स्मरणार्थ राजाने काय बांधलं? मूर सुलतानाला शोभेल असं घर! दर्शनी भिंतीवर एकमेकांत गुंतलेल्या चौकटींची दगडी जाळी, आत पाकळ्यापाकळ्यांच्या कमानींचा छोटा चौक, घुमटाखाली 'सोनेरी चॅपेल'. बाजूला हमामखाना. थंड, कोमट, गरम अशा खोल्या आणि छताला ताऱ्यांच्या आकाराची भोकं, त्यातून उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात. अल्फोन्सोची लाडकी लेओनोर दे गुस्मान हिच्याशी या हमामाचं नाव जोडलं जातं. १३६३ मध्ये पुढच्या पिढीने वाडा नन्सना देऊन टाकला. नन्सनी हमामाचं काय केलं असेल, हा ताईचा प्रश्न. गाइडने हसून विषय बदलला.

दुपारी जेवायला जागा मिळेना. तीन वाजता सगळं बंद. शेवटी एका बारमध्ये बटाट्याचं ऑम्लेट आणि पाव.

गुरुवार, सेगोव्हिया

जलवाहिनीच्या रोमन कमानींखाली सगळं जग उभं राहून सेल्फी काढतं. आम्हीही काढला. मग अल्काझार, म्हणजे किल्लेवजा राजवाडा, गलबतासारखा कड्यावर बसलेला. आतली छतं बघताना एक लक्षात ठेवायचं : १८६२ मध्ये इथे मोठी आग लागली आणि जुनी लाकडी छतं गेली. आज दिसतात त्यातली काही नव्याने केलेली आहेत, काही दुसरीकडून आणून बसवलेली. तरी सिंहासनाच्या दालनात भिंतींच्या वरच्या पट्ट्यातला गिलावा बघितला, की चौथ्या एन्रिकेची आवड कळते.

हा एन्रिके मोठा मजेदार माणूस. राज्य १४५४ ते १४७४. सेगोव्हिया त्याचं आवडतं गाव. बोहेमियाचा एक सरदार, लेओ फॉन रोझमिताल, १४६५ ते १४६७ मध्ये युरोपभर फिरत इथवर आला. त्याच्या सोबत्याने लिहून ठेवलंय, की राजा खातो-पितो, कपडे घालतो ते सगळं काफरांच्या रीतीने. इथे काफर म्हणजे मूर! पाहुण्यांना भेटताना तो जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यांवर बसला होता. अंगरक्षक मूर. घोडा बसायचा तो 'हिनेता' पद्धतीने, म्हणजे रिकीब आखूड, गुडघे वर, खोगीर हलकं, घोडा चटकन वळणारा. युरोपातले बाकीचे सरदार पाय ताणून, लोखंडात मढून जड खोगिरावर बसत. उत्तर आफ्रिकेतल्या झनाता जमातीच्या स्वारांकडून आलेली ही बैठक कास्तिलच्या घोडेस्वाराचा अभिमान होऊन बसली होती.

पाहुण्याला धक्का बसला, पण तो परदेशी होता म्हणून. एन्रिकेच्या दरबारातल्या सरदारांची घरं आतून फार वेगळी नव्हती. बायका तर 'एस्त्रादो' नावाच्या बुटक्या ओट्यावर, गालिचा आणि उशा टाकून मांडी घालून बसत. ही पद्धत स्पेनच्या मोठ्या घरांत पुढची दोन-अडीचशे वर्षं टिकली. बादशाही गाद्या-गिरद्यांची बैठक आपल्याकडच्या वाड्यांतून इतकी मुरलेली आहे, की ताईला यात काही विशेष वाटलं नाही. तिला विशेष वाटलं ते खुर्चीवर बसणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटावं याचं.

राजकारण फिरलं तेव्हा मात्र हीच आवड एन्रिकेच्या गळ्याशी आली. ५ जून १४६५ ला बंडखोर सरदारांनी आविलाच्या तटाबाहेर मंच उभारला, त्यावर राजाचा पुतळा बसवला, त्याचा मुकुट, तलवार, राजदंड काढून घेतला आणि पुतळा लाथेने खाली पाडला. आरोपांच्या यादीत मूरांशी सलगी हाही एक. गंमत अशी, की मंचावर चढलेल्या या सरदारांची घोडेस्वारीही हिनेता, अंगावरचं रेशीमही तिकडचंच. आवड सगळ्यांची, आरोप एकट्यावर.

संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला सान आन्तोनिओ एल रेआल मठात गेलो. एन्रिकेचा शिकारीचा वाडा, १४५५ मध्ये त्याने तो फ्रान्सिस्कन साधूंना दिला. अल्काझारची छतं जळाली, इथली मूळची शिल्लक आहेत. लाकडी पट्ट्यांची, ताऱ्यातून तारा निघत जाणारी, सोनं आणि रंग अजून धरून असलेली. गर्दी शून्य. सेगोव्हियाला जाणाऱ्याने अल्काझार चुकवला तरी चालेल, हे चुकवू नये, असं माझं मत झालंय.

शुक्रवार, माद्रिद

माद्रिदमध्ये पुरातत्त्व संग्रहालयासाठी एकच दिवस, आणि तोही दोन वस्तूंसाठी.

पहिली सामोराची डबी. हस्तिदंताची, गोल, घुमटासारखं झाकण, वितीएवढी उंच. सन ९६४. कोर्दोबाचा खलिफा दुसरा अल-हकम याने आपल्या लाडक्या सुब्हसाठी करवून घेतली. अंगभर पानं, मोर, हरणं. कोरीव काम असं खोल, की पानाच्या मागे सुई जाईल. अत्तर किंवा दागिने ठेवायची ही नाजूक डबी पुढे पोहोचली सामोराच्या कॅथेड्रलमध्ये आणि शतकानुशतकं तिथे राहिली. उत्तर स्पेनच्या चर्चांमधून अशा कितीतरी पेट्या-डब्या संतांच्या अस्थी ठेवायला वापरल्या गेल्या. सगळ्यात मोठी विसंगती पांप्लोनाच्या संग्रहालयातल्या पेटीची. १००४-०५ मध्ये कोर्दोबाच्या सत्ताधाऱ्यासाठी, अब्द अल-मलिकसाठी केलेली ही पेटी, आणि तिच्यात लेयरेच्या मठाने अस्थी ठेवल्या त्या नुनिलो आणि आलोदिया या बहिणींच्या. मुसलमान राजवटीत धर्मासाठी प्राण दिले म्हणून संतपदाला पोहोचलेल्या बहिणी त्या! भक्तांना याचं वावडं नव्हतं. पवित्र अस्थींना सर्वात मौल्यवान पेटी हवी, आणि ती कुणी केली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी वस्तू नखाएवढी. आठव्या अल्फोन्सोची सोन्याची मोहोर, ११७० च्या दशकात तोलेदोच्या टांकसाळीत पाडायला सुरुवात झालेली. हा तोच, लास उएल्गासचा संस्थापक, लास नावासचा विजेता. मोहोरेवर एक छोटा क्रूस, ए-एल-एफ ही तीन लॅटिन अक्षरं, आणि बाकी सगळा मजकूर अरबीत. पोपचा उल्लेख ख्रिस्ती समाजाचा इमाम असा. राजाचा उल्लेख कॅथलिकांचा अमीर, सांचोचा मुलगा अल्फोन्सो. मुर्सियाच्या मूर राजाची नाणी बंद पडल्यावर बाजाराला ओळखीचं सोनं हवं होतं, म्हणून अल्फोन्सोने त्याच तोंडवळ्याची मोहोर काढली. व्यापाऱ्याने अरबी दिसली तरच सोनं खरं मानायचं, असा तो काळ.

ताई काचेसमोर वाकून म्हणाली, "म्हणजे ब्रँड त्यांचा, दुकान ह्याचं." दुकानदाराला इतिहास फार लवकर कळतो.

शनिवार, तोलेदो

तोलेदोत शनिवारी जाऊ नये. गल्ल्यांमधून माणसं ओसंडून वाहत होती आणि प्रत्येक दुकानात तलवारी.

इथे फिरताना प्रत्येक फलकावर 'तीन संस्कृतींचं शहर' असं लिहिलेलं भेटतं. ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू गुण्यागोविंदाने राहिले, एकमेकांची कला घेतली वगैरे. पर्यटन खात्याला हे सोयीचं असेल. मला एल त्रान्सितोच्या सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, उभं राहून ते खरं वाटेना. अकराव्या अल्फोन्सोचा मुलगा पेद्रो राजा याचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने १३५७ च्या सुमारास हे बांधलं. गिलाव्यात हिब्रू स्तोत्रं, त्यांच्यात मिसळलेली अरबी अक्षरं आणि मध्ये कास्तिलचं राजचिन्ह. प्रतिष्ठा दाखवायची तर ज्यू खजिनदारालाही तीच मूर शैली हवी होती, कारण राजाला ती हवी होती. काही वर्षांतच त्याच राजाने सामुएलला कैद केलं आणि छळात तो मेला. भिंती जशाच्या तशा सुंदर आहेत.

सान रोमानचं चर्च गर्दीपासून जरा बाजूला, चढावर. आत घोड्याच्या नालासारख्या कमानी, भिंतींवर संतांची चित्रं, खिडक्यांभोवती अरबी अक्षरांची किनार. १२२१ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा याने. लास नावासच्या मोहिमेसाठी युरोपभर फिरून धर्मयुद्धाची हाक देणारा हाच. अरबांचा इतिहास लिहिणाराही हाच. १२४७ मध्ये फ्रान्समध्ये र्‍होन नदीवर त्याचा अंत झाला आणि सान्ता मारिया दे उएर्ताच्या मठात त्याला पुरलं, ते अंदालुसियाच्या रेशमात.

रविवार, सेव्हिया

गाडीने दक्षिणेला. उतरल्या उतरल्या उन्हाचा भपका. संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये तिसऱ्या फर्नांदोच्या थडग्यापाशी जाऊन आलो. १२४८ मध्ये सेव्हिया जिंकणारा, पुढे संतपदाला पोहोचलेला राजा. त्याच्या समाधीवरचे लेख चार भाषांत आहेत : लॅटिन, कास्तिलियन, हिब्रू आणि अरबी. बाहेर अल्मोहादांचा मिनार, ११९८ मध्ये पुरा झालेला, डोक्यावर सोळाव्या शतकातलं घंटाघर घेऊन उभा. जिंकणाऱ्यांना तो पाडवला नाही.

सोमवार, सेव्हियाचा अल्काझार

या एका इमारतीसाठी मी हा सगळा प्रवास आखला होता, म्हणून सकाळचं पहिलं तिकीट काढलं.

सिंहाच्या दरवाजातून आत गेलं, की शिकारीच्या चौकात समोर पेद्रोच्या महालाची दर्शनी भिंत येते. वरच्या पट्ट्यात गॉथिक अक्षरांत लेख आहे : अति थोर, अति कुलीन, अति पराक्रमी राजा दोन पेद्रो ('दोन' ही मानाची पदवी) याने देवाच्या कृपेने हे महाल आणि ही द्वारं बांधवली. साल त्यांच्या शकाप्रमाणे १४०२, म्हणजे आपलं १३६४. हा लेख चौकट होऊन फिरतो, आणि त्या चौकटीच्या आत निळ्या-पांढऱ्या फरशांचा एक पट्टा आहे. लांबून निव्वळ भूमितीची नक्षी वाटते. दुर्बिणीतून बघितलं तर कूफी, म्हणजे कोनदार वळणाची अरबी अक्षरं, तीही अर्धी सुलटी अर्धी उलटी, आरशात पडल्यासारखी. 'अल्लाहशिवाय विजेता नाही', हे वाक्य आठ वेळा. ग्रानादाच्या नासरी सुलतानांचं हे ब्रीद, त्यांच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवर जिथे तिथे दिसणारं. ख्रिस्ती राजाच्या दारावर, त्याच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध.

मागे एक गोष्ट आहे. ग्रानादाचा सुलतान पाचवा मुहम्मद याला १३५९ मध्ये गादीवरून हाकललं गेलं. पेद्रोने त्याची बाजू घेतली. गादी बळकावणारा सहावा मुहम्मद १३६२ मध्ये तह करायला सेव्हियाला आला, तर पेद्रोने त्याला पकडून ताब्लादाच्या मैदानात ठार मारलं, पहिला भाला स्वतः फेकून. मित्र गादीवर परतला. मग दोघांनी एकाच वेळी महाल बांधायला घेतले, एकाने इथे आणि दुसऱ्याने अल्हाम्ब्रात. १३६४ च्या सुमारास इतिहासकार इब्न खलदून ग्रानादाचा वकील म्हणून पेद्रोकडे आला. त्याचं घराणं मूळचं सेव्हियाचं. पेद्रोने त्याला सांगितलं, इथेच राहा, तुझ्या पूर्वजांची मालमत्ता परत देतो. तो राहिला नाही.

आत राजदूतांच्या दालनाची दारं. यांच्यापाशी आम्ही तासभर तरी काढला असेल. उंच लाकडी फळ्या, बारा टोकांच्या ताऱ्यांत कापलेल्या, आणि कडेने लेख. एका बाजूला अरबी : आमचा थोर स्वामी सुलतान दोन पेद्रो, कास्तिल आणि लेओनचा राजा, याच्या आज्ञेने तोलेदोच्या कारागिरांनी ही दारं केली. साल १३६६. दुसऱ्या बाजूला योहानच्या शुभवर्तमानातलं आणि स्तोत्रांतलं वचन. दार उघडं असलं की एक बाजू दिसते, बंद असलं की दुसरी.

सुलतान दोन पेद्रो! हे वाचल्यावर मला हंपी आठवली नसती तरच नवल. विजयनगरचे राजे स्वतःला 'हिंदुराय सुरत्राण' म्हणवत, सुरत्राण म्हणजे सुलतान, आणि दरबारात येताना मुसलमानी धाटणीची उंच टोपी आणि अंगरखा घालत. पेशवाईतल्या चित्रांमध्येही अंगात मोगली जामाच असतो. सत्ता कशी दिसते याचा नमुना एकदा ठरला, की त्याच्याशी लढणारासुद्धा तोच पोशाख शिवून घेतो. सारखेपणा इथवरच. पुढचं स्पेनचं स्पेनपाशी.

दालनाचा लाकडी घुमट नंतरचा, १४२७ चा, पण मनाने त्याच काळातला. मी वर बघत बसलो, ताई खाली बघत होती. तिला चौकातली खोल गेलेली बाग आवडली. ही अनेक शतकं संगमरवरी फरसबंदीखाली गाडली गेली होती, या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन करून मोकळी केली. संत्र्याची झाडं इतकी खाली लावलेली, की चालणाऱ्याच्या पावलांपाशी शेंडे यावेत.

पेद्रोचा शेवट १३६९ मध्ये मोंतिएलला झाला. सावत्र भाऊ एन्रिके दे त्रास्तामाराने तंबूत भोसकून मारलं. त्या भावाच्या प्रचारात पेद्रो म्हणजे मूरांचा आणि ज्यूंचा मित्र. महाल मात्र नव्या घराण्याने तसाच वापरला, पुढे वाढवलाही.

मंगळवार, पुन्हा सेव्हिया

कासा दे पिलातोस. १४८३ पासून एन्रिकेस दे रिबेरा घराण्याने बांधलेला वाडा, आजही सरदार घराण्याच्याच मालकीच्या वर्तुळातला. चौकात रोमन पुतळे, कारंजं इटलीच्या धाटणीचं, आणि भिंती खालपासून डोक्यापर्यंत मुदेहार, म्हणजे ख्रिस्ती राज्यातल्या मूर शैलीच्या, फरशांनी मढवलेल्या. प्रत्येक भिंतीवर नमुना वेगळा. त्या काळातल्या श्रीमंताला रोमही हवं होतं आणि मूरही, दोन्ही एकाच अंगणात. फरशीवर बोट फिरवलं तर रंगांच्या सीमेवर बारीक उंचवटा लागतो, एका रंगाची झिलई दुसऱ्यात वाहू नये म्हणून ठेवलेला. ताईने शंभर तरी फोटो काढले. नंतर कळलं, सगळे एकाच भिंतीचे.

बुधवार, ग्रानादा

अल्हाम्ब्राबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की मी भर घालत नाही. दुपारी बिब-राम्ब्ला चौकात थंड प्यायला बसलो. फुलांच्या टपऱ्या, मधे नेपच्यूनचं कारंजं. या चौकात १४९२ नंतर सरदारांचे 'कान्यास'चे खेळ होत. दोन तुकड्या, हिनेता बैठक, हातात चामड्याची 'आदार्गा' ढाल आणि वेताचे भाले, फेकायचे, चुकवायचे, गर्रकन वळायचं. अंगात मार्लोता, म्हणजे मूरांचा लांब रेशमी झगा, खांद्यावर झूल, डोक्याला फेटा. ख्रिस्ती सरदारांनी मूर बनून खेळायचा खेळ होता तो. हाएनला तर एकदा नाताळात अर्धे स्वार खोट्या दाढ्या लावून 'मोरोक्कोच्या राजा'सह मिरवत आले होते, असं तिथल्या सेनापतीच्या बखरीत आहे.

याच शहरात १ जानेवारी १५६७ ला फर्मान निघालं. ज्यांचे बापजादे खरोखर मूर होते आणि ज्यांना बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती केलं होतं, त्या मोरिस्कोंनी मूर पोशाख घालायचा नाही, अरबी बोलायचं-लिहायचं नाही, हमाम वापरायचे नाहीत.

फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या म्हाताऱ्या मोरिस्को सरदाराने न्यायालयापुढे निवेदन दिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. हा पोशाख धर्माचा नाही, या प्रांताचा आहे. पूर्वेकडचे ख्रिस्ती तिथल्यासारखेच कपडे घालतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरत नाहीत. गरीब बायांनी आहेत ते कपडे टाकून नवे आणायचे कुठून, हेही त्याने विचारलं. कुणी ऐकलं नाही. १५६८ च्या शेवटी डोंगरात बंड पेटलं, ते चिरडायला १५७१ उजाडलं, आणि १६०९ ते १६१४ मध्ये सगळ्या मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं.

ताई म्हणाली, "आणि तो खेळ? तोही बंद केला असेल की."

नाही. २१ ऑगस्ट १६२३ ला इंग्लंडचा युवराज चार्ल्स माद्रिदला पाहुणा असताना प्लाझा मायोरमध्ये कान्यास झाले. आदार्गा ढाल घेऊन, आखूड रिकिबीत पाय घालून मैदानात उतरला तो खुद्द राजा, चौथा फेलिपे.